गरमवर थांबायचं नाही

दारावर पहिली थाप पडली तेव्हा एक्स्प्रेस चहाचा कप तोंडाला लावणारच होता. दुसऱ्या थापेला बायकोने त्याच्याकडे बघून डोळे वटारले. तिसऱ्या थापेला त्याने कप खाली ठेवला, कारण त्या हाताची त्याला चांगली ओळख होती. वर्षानुवर्षं डांबराची झारी धरून घट्टे पडलेला हात होता तो. दारावर पडला की भिंतीवरचा आरसा हलायचा.

"उघडायचं नाही," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"अगं, पण मावशी आहे."

"म्हणूनच उघडायचं नाही."

एक्स्प्रेस हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो नगरपालिकेचा रोड रोलर चालवायचा, आणि नगरपालिकेचा कारभार सोडला तर त्या शहरात रोलरइतकं सावकाश चालणारं दुसरं काही नव्हतं. म्हणून लोकांनी त्याचं नाव एक्स्प्रेस ठेवलं. पुढे नगरपालिकेने रस्त्यांची कामं ठेकेदाराला देऊन टाकली, रस्त्याच्या सगळ्या टोळीला एका सकाळी घरी बसवलं, रोलर गंजायला ठेवला. नाव तेवढं शाबूत राहिलं.

खोलीत तिसरा माणूस होता तो बायकोचा धाकटा भाऊ, नवा कोरा पोलीस. अंगावर इस्त्रीचा गणवेश, पायात कडक बूट, आणि चेहऱ्यावर अजून शाळेत उशिरा पोचलेल्या मुलाचा भाव. अजून कायमही झालेला नव्हता बिचारा. टोळी बंद पडल्यापासून या घरातली चूल त्याच्याच पगारावर पेटत होती. एक्स्प्रेसला तो घास गिळताना जड जायचा, पण मेव्हण्याने कधी शब्दाने दुखावलं नव्हतं. आज मात्र तो सकाळीच येऊन बसला होता आणि चहात बिस्किट बुडवून ते विरघळेपर्यंत तसाच धरून बसला होता.

"दाजी, आज माझी ड्यूटी तिथेच लागली आहे," तो म्हणाला. "तुम्ही तिथे दिसू नका म्हणजे झालं."

तिथे काय होणार हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, म्हणजे अर्थात पोलिसांनाही ठाऊक होतं.

या वस्तीने पोटासाठी काय काय करून पाहिलं नव्हतं? एक्स्प्रेसचा आजोबा रिकामी भांडी बडवत निघालेल्या मोर्च्यात होता. बाप कारखान्याच्या फाटकासमोर आडवा पडला होता, आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या मोटारीने त्याच्या नाकासमोर ब्रेक मारला ही गोष्ट तो मरेपर्यंत रंगवून सांगायचा. मावशीची आई मावशीला कडेवर घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसून राहिली होती. कुणी उपास केले, कुणी काळी निशाणं लावली, एकदा तर बेकारांनी साहेबांच्या दारात रांगेने उभं राहून नुसतं दिवसभर बघत राहण्याचा कार्यक्रम केला. दर वेळी कुणीतरी बाहेर यायचं, गोड बोलायचं आणि तोंडाला पानं पुसून आत जायचं.

मग मावशीने परवाच्या सभेत विचारलं, "आपण संप का करत नाही?" लोक हसले. ज्याला कामच नाही त्याने संप कसला करायचा? "तेच म्हणते मी," मावशी म्हणाली. "संप म्हणजे चालू काम बंद करायचं. आपण उलटा संप करू. बंद काम चालू करू. कुणाला विचारायचं नाही, सवरायचं नाही. रस्ता समोर पडला आहे, हात रिकामे आहेत. बघू तरी, काम केलं म्हणून कोण धरून नेतंय."

आणि खरंच सगळं समोर पडलेलं होतं. वस्तीतून उतारावरून हमरस्त्याला मिळणारा तो रस्ता इतका उखडला होता की रुग्णवाहिका खालीच थांबायची आणि दुखणेकऱ्याला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावं लागायचं. मागच्या निवडणुकीच्या तोंडावर त्या रस्त्यासाठी खडी आली, डांबराची पिंपं आली, रोलरही आणून उभा केला. निकाल लागला आणि सगळं होतं तिथेच राहिलं. खडीच्या ढिगात मांजरी व्याल्या. रोलरच्या सीटवर एक रोपटं उगवलं, त्याला फुलंसुद्धा आली.

एकच गोष्ट तिथे नव्हती. रोलरचं इंजिन चालू करायचं लोखंडी हँडल. टोळी बंद झाली त्या दिवशी ते जमा करून घ्यायला कुणी आलं नाही म्हणून एक्स्प्रेसने घरी आणलं, आणि घराच्या दाराला धड कडी नव्हती म्हणून बायकोने त्याचा अडसर केला. आत्ताही ते दाराला आडवं घातलेलं होतं. दार उघडायचं तर हँडल काढावं लागणार, आणि हँडल काढलं की ते हातात येणार. बायको दाराला पाठ लावून उभी होती ती उगाच नाही.

तिची बाजू तरी काय खोटी होती? दोनच दिवसांपूर्वी नगरपालिकेचे ओव्हरसियरसाहेब स्वतः स्कूटर खाली लावून, धापा टाकत, वर आले होते. ठेकेदाराला एक रोलरवाला लागणार होता. एकच जागा होती आणि ती त्यांनी एक्स्प्रेससाठी धरून ठेवली होती. सोमवारी यायचं, सही करायची, रोलरवर बसायचं. "फक्त रविवारी घराबाहेर पडू नकोस," असं ते जाता जाता म्हणाले होते. त्या रात्री बायकोला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली होती.

"एक्स्प्रेस," दाराबाहेरून मावशीचा आवाज आला, "तू येऊ नकोस बाबा. तुझी अडचण कळते मला. नुसतं हँडल दे."

एक्स्प्रेसचा जीव भांड्यात पडला. नुसतं हँडल द्यायला काय हरकत होती? त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा चहात बुडालेलं बिस्किट शोधत होता.

"आणि रोलर कोण चालवणार?" एक्स्प्रेसने सहज विचारलं.

"शिंपी म्हणतोय मी चालवतो."

"शिंपी?"

"म्हणतो, जन्मभर पायाने मशीनच चालवतोय. हेही मशीनच आहे."

एक्स्प्रेस उठला, बसला, पुन्हा उठला. "त्याला सांगितलं आहे का कुणी, की गरमवर थांबायचं नाही?"

"म्हणजे काय, असं विचारत होता तो."

संपलं. डांबर ओतून त्यावर बारीक खडी पसरली की थर गार होईपर्यंत रोलर हलता ठेवायचा असतो. पुढे, मागे, पुढे, मागे. क्षणभर उभा केला तर एवढं वजन तिथेच रुततं आणि रस्त्याला जन्माचा खळगा पडतो. एक्स्प्रेसने आजवर एवढे रस्ते दाबले, पण त्याच्या रस्त्यावर असा खळगा कुणी दाखवावा. शिंकायचं असलं तरी तो हात लिव्हरवर ठेवून शिंकायचा. आणि आता स्वतःच्या वस्तीच्या रस्त्यावर शिंपी बसणार होता.

"अहो," बायको म्हणाली.

"नुसतं चालू करून देतो. लगेच येतो."

"तुम्ही आणि लगेच?" ती म्हणाली. पण ती दारापासून बाजूला झाली होती. तिलाही शिंप्याचं ऐकवलं नसावं.

बाहेर आला आणि त्याचे हात शिवशिवायलाच लागले. डांबराच्या पिंपांखाली पहाटेच जाळ घातलेला होता आणि तो कडवट वास सगळ्या उतारावर पसरला होता. इतक्या दिवसांनी तो वास नाकात गेला आणि एक्स्प्रेसला एकदम भूक लागल्यासारखं झालं. टोळीतले झाडून सगळे आले होते. खडीवाले घमेली घेऊन ओळीत उभे होते, पायांना गोणपाट गुंडाळलेलं, डोक्याला फडकी. टोळीत कधीच नव्हते असेही आले होते. बंद कारखान्याचे फिटर, बंद छापखान्याचा जुळारी, दोन मास्तर, आणि तो शिंपी, गळ्यात टेप तशीच. रिक्षावाल्यांनी बाटल्या बाटल्यांतून डिझेल आणून टाकी भरली होती. सीटवरचं फुलांचं रोपटं कुणीतरी मुळासकट काढून डब्यात लावलं होतं.

एक्स्प्रेसने हँडल बसवलं, पाय रोवले आणि फिरवलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवलं. पुन्हा खोकलं. फिटर येऊन जोडीला लागला. वस्ती श्वास रोखून बघत होती. चौथ्यांदा की पाचव्यांदा त्या धुडाच्या पोटात काहीतरी गडगडलं, नळकांड्यातून काळा धूर आणि धुराबरोबर एक घरटं बाहेर पडलं, आणि मग धड धड धड धड, जमीन हादरायला लागली. लोकांनी केलेला जल्लोष त्या आवाजात ऐकूसुद्धा आला नाही. एक्स्प्रेस चढून सीटवर बसला तो कुणी सांगितलं म्हणून नव्हे. हँडल खाली आलेल्या बायकोच्या हातात देऊन टाकलं आणि बसला.

"लगेच येतो म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हो, हो," तो म्हणाला आणि त्याने लिव्हर ओढला.

काय काम चाललं होतं म्हणून सांगावं. पुढे खडी पसरली जायची, रोलर ती दाबत यायचा, मग मावशी आणि तिच्या बायका झाऱ्या घेऊन डांबराचा सडा घालत यायच्या, त्यावर बारीक खडी, पुन्हा रोलर. कुणाला हाक मारावी लागत नव्हती. जन्मभर हेच केलेली माणसं होती ती. इतके दिवस घरात पायात पाय अडकून पडत होती ती माणसं आता अशी चालत होती की बघत राहावं. मास्तरांनी घमेलं उलटं धरलं, तेवढी एकच गडबड झाली. शिंपी टेप लावून रस्त्याची रुंदी तपासत होता आणि दर वेळी मान हलवत होता, जणू गिऱ्हाईक जाड झालं आहे.

चाकांना डांबर चिकटू नये म्हणून रोलरच्या बाजूने कुणीतरी ओलं गोणपाट घेऊन चाकं पुसत चालावं लागतं. ते काम आज कुणालाच सांगितलेलं नव्हतं. चाक खडी उचलायला लागलं, एक्स्प्रेस वळून ओरडणार, तेवढ्यात बाजूला ओल्या गोणपाटाचा सपकारा ऐकू आला. बायको होती. हँडल खांद्यावर, पदर खोचलेला, कपाळाला आठ्या.

टोळीत ती हेच काम करायला नवी आली होती तेव्हाचं एक्स्प्रेसला सगळं आठवलं. रोज ती चाकाशेजारून चालायची आणि तो वरून बघायचा. बोलावंसं फार वाटायचं, पण गरमवर रोलर थांबवता येत नाही. मग चालता चालताच बोलणं व्हायचं, पुढे जाताना एक वाक्य, मागे येताना दुसरं. एकदा तिच्याकडे बघण्याच्या नादात त्याचा लिव्हर ढिला पडला, तर तीच म्हणाली होती, "थांबू नका. खळगा पडेल." त्याच दिवशी त्याने ठरवलं, करायची तर हीच.

"असं काय बघताय?" ती म्हणाली. "मी चाकासाठी आले आहे, तुमच्यासाठी नाही."

अर्ध्याहून जास्त उतार झाला तेव्हा खाली हमरस्त्याच्या तोंडावर जीप येऊन आडवी उभी राहिली. पाठोपाठ पोलिसांची मोठी गाडी आली आणि शिपाई धडाधड उतरले. जीपमधून पोलीससाहेब उतरले, त्यांनी कमरेवर हात ठेवून तो सगळा देखावा पाहिला. दंगे त्यांनी पुष्कळ मोडले असतील, पण मोडायला आल्यावर समोर लोक घाम गाळून काम करताहेत, असं त्यांना पूर्वी कुणी दाखवलं नसावं.

"बंद करा हे," ते कर्ण्यातून म्हणाले. "विनापरवाना काम चाललं आहे."

"परवाना आणा, तोवर करतो," मावशी झारी न थांबवता म्हणाली.

साहेबांनी रोलरकडे बोट केलं. रोलर थांबला की सगळं थांबणार, हे त्यांनी बरोबर हेरलं. "ए, थांबव ते."

"गरमवर थांबत नाही, साहेब," एक्स्प्रेस वरून ओरडला.

साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि शिपायांतला सगळ्यात नवा, सगळ्यात कडक इस्त्रीचा शिपाई निवडला. "तू. जा, त्याच्यासमोर उभा राहा."

मेव्हणा आला. दोन्ही हात पुढे करून रोलरसमोर उभा राहिला. रोलर काही थांबेना, तेव्हा तो एक पाऊल मागे सरला, मग दुसरं, आणि मग तो उलटा चालायलाच लागला.

"दाजी, थांबवा ना."

"अरे, येत नाही थांबवता. तुला काय सांगायचं नव्याने?"

"माझी नोकरी जाईल."

"माझी तर आधीच गेली आहे. मागे बघ, घमेलं आहे."

मेव्हण्याने मागे बघून घमेलं चुकवलं. बाजूने चालणारी बहीण गोणपाट आपटत म्हणाली, "सकाळी नुसता चहा पिऊन आलायस ना? उन्हात असा उलटा चालू नकोस, चक्कर येईल."

"ताई, मी ड्यूटीवर आहे."

"मग नीट चाल."

"मागे सरू नकोस," खालून साहेब गरजले. "जागेवर उभा राहा."

मेव्हणा जागेवर उभा राहिला. एक्स्प्रेसने अलगद लिव्हर फिरवला आणि रोलर उलटा मागे निघाला. आता मेव्हण्याला काय करावं ते सुचेना. समोर उभं राहायचा हुकूम होता आणि समोरचा रोलर लांब चालला होता. तो मुकाट्याने त्याच्या मागोमाग चालत गेला. रोलर पुढे आला, मेव्हणा मागे आला. दोघांचं हे जाणं-येणं बघून वस्तीतल्या बायका पोट धरून हसायला लागल्या आणि साहेबांच्या गालांचा रंग बदलला. त्यांनी उरलेले शिपाई दोन भागांत वाटले. निम्मे रोलरच्या पुढे रांगेत, निम्मे मागे.

आता मात्र अवघड झालं. पुढची रांग एकेक पाऊल पुढे सरकत होती, मागचीही सरकत होती. रोलरला मिळणारी जागा आखूड होत चालली. पुढे गेला की लगेच मागे, मागे गेला की लगेच पुढे. खालचा थर अजून वाफा टाकत होता. थोडा वेळ, आणखी थोडा वेळ जायला हवा होता. लिव्हर फिरवून फिरवून त्याचा दंड भरून आला.

आणि नेमकी त्याच वेळी ओव्हरसियरसाहेबांची स्कूटर आली. ते कडेच्या दगडांवरून तोल सावरत जवळ आले आणि इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडले, "अरे, वेडा आहेस का? आत्ता थांबव आणि खाली उतर. तुला जबरदस्तीने बसवलं असं मी सांगतो साहेबांना. जागा अजून तुझीच आहे. उद्या सकाळी ये."

सगळ्यांना ऐकू गेलं. मावशीची झारी पहिल्यांदाच थबकली. एक्स्प्रेसने बघितलं तर सगळी टोळी त्याच्याकडे बघत होती आणि एकाच्याही डोळ्यांत राग नव्हता. तो थांबला असता, तर त्यांना वाईट वाटलं असतं, पण त्यांनी समजून घेतलं असतं. तेच त्याला झोंबलं. हात लिव्हरवर होता. नुसता सैल सोडायचा होता. चूल पुन्हा स्वतःच्या कमाईवर पेटली असती.

"एकच जागा?" त्याने विचारलं.

"एकच. ती तुला देतोय ना?"

"आणि माझ्यापुढे खडी कोण टाकणार? डांबर कोण ओतणार?"

"ते ठेकेदार बघेल, बाहेरून आणेल माणसं. तुला काय करायचं आहे?"

रोलर पुढे गेला, मागे आला. त्याने चाकाकडे पाहिलं. बायको वाकून चाक पुसत होती, वर बघतही नव्हती. दोन रात्री गाढ झोपलेली बायको. तिने गोणपाट पिळलं, पुन्हा चाकावर मारलं आणि मान वर न करता म्हणाली, "थांबू नका. खळगा पडेल."

त्याला एवढा आनंद झाला की इंजिनाची धडधड कुठली आणि छातीची कुठली ते कळेना. त्याने लिव्हर असा ओढला की ओव्हरसियरसाहेब दगडावरून उडी मारून गटारात उतरले.

पण शिपायांच्या रांगा अजून होत्याच, आणि आता हातभर जागा उरली होती. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक शिपाई पाय झटकायला लागला. मग दुसरा. रोलरला जे चालत नव्हतं ते बुटांनाही चालत नव्हतं. गरम डांबरावर उभं राहून राहून तळव्यांचं रबर मऊ पडलं होतं, बूट चिकटत होते आणि आत पाय भाजत होते. चालत होते तोवर ठीक होतं, उभे राहिले आणि फसले. एकेक जण या पायावरून त्या पायावर करायला लागला. बघता बघता दोन्ही रांगा जागच्या जागी नाचायला लागल्या.

"हलू नका," साहेब ओरडले. ते स्वतः थंड कडेवर उभे होते.

मेव्हणा एकटा हलत नव्हता. हुकूम म्हणजे हुकूम. डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट दाबलेले, आणि तो रोलरसमोर खांबासारखा उभा. बायकोने ते पाहिलं, तशी ती गोणपाट घेऊन तरातरा पुढे गेली, भर डांबरात त्याच्यापुढे वाकली आणि त्याच्या एका बुटाला ओलं गोणपाट गुंडाळायला लागली. "पाय उचल," ती म्हणाली. त्याने पाय उचलला. "दुसरा." त्याने दुसरा उचलला. "आता चाल. इथे कुणी उभं राहत नाही."

आणि तो चालायला लागला. मावशीने खूण केली, बायका गोणपाटं घेऊन धावल्या, आणि मग शिपायांनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय पुढे केले. पायांना गोणपाट बांधलेले शिपाई कडेला झाले आणि रोलर मधून मोकळा गेला. त्यांच्या बुटांचे ठसे रस्त्यावर उमटले होते. एक्स्प्रेसने ते एकेक करून पुसून टाकले.

शेवटचा पट्टा दाबून रोलर हमरस्त्याच्या तोंडाशी आला तेव्हा साहेबांनी निमूटपणे जीप बाजूला घेतली, नाहीतर तिची चपाती झाली असती. वस्तीची सगळी सडक मागे गरम होती. थंड जागा म्हणजे फक्त समोरचा हमरस्ता. रोलर त्याच्या मधोमध आला.

"आता थांबतोस की नाही?" साहेबांचा आवाज फाटला होता.

"इथेच थांबवू?"

"इथेच. आत्ताच्या आत्ता. आणि ते इंजिन बंद कर."

"साहेब म्हणतील तसं," एक्स्प्रेस म्हणाला, आणि त्याने थांबवलं.

पुढे काय, सगळ्यांना धरलं, बायको तेवढी हँडल घेऊन आधीच घरी सटकली होती. थर गार झाल्यावर पोलिसांची मोठी गाडी त्यांना भरायला वस्तीत वर गेली. त्या रस्त्यावरून वर गेलेलं ते पहिलं वाहन. टोळी आत दाटीने बसली, दाराशी गोणपाट बांधलेला मेव्हणा पहाऱ्याला, आणि गाडी खाली निघाली. सगळ्यांचे कान खाली लागले होते. जुळारी डोळे मिटून बसला होता. मावशीने पाण्याचा पेला तळहातावर धरला होता. उतार सरत गेला, आणि पेल्यातलं पाणी हललं नाही. मग गाडी हमरस्त्याला वळली आणि असा दणका बसला की पेला शिंप्याच्या मांडीवर सांडला.

"हा ठेकेदाराचा," मेव्हणा म्हणाला, आणि सगळी गाडी हसायला लागली. साहेबांना पुढे जीपमध्ये ते ऐकू गेलं असेल.

सकाळी कोठडीचं दार उघडलं ते एक्स्प्रेसच्या एकट्यासाठी. बाहेर ओव्हरसियरसाहेब उभे होते, कालच्या गटाराचे डाग पँटवर तसेच. हमरस्त्यावर बाजारच्या गाड्या अडकल्या होत्या. नगराध्यक्षांचीही गाडी अडकली होती. रोलर मधोमध उभा होता आणि हँडलशिवाय तो हलणार नव्हता.

"हँडल घरी आहे," एक्स्प्रेस म्हणाला. "बायकोकडे."

त्याला जीपमध्ये घालून वर नेलं. घराशी पोचले. मेव्हणाही बरोबर होता, पायांना फोड आलेले, चपला घातलेला. खालून हॉर्नचा गोंगाट ऐकू येत होता. दारादारांत वस्तीतल्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि पोलीससाहेबांनी दाराला लाथ मारायचा विचार केला असेल तर तो त्या बायकांकडे बघून सोडून दिला असावा.

"हाक मार," ओव्हरसियरसाहेब म्हणाले. "हँडल घे आणि रोलर हलव. केस वगैरे काही नाही, मी बघतो. आणि जागा तुझीच, आजपासून."

एक्स्प्रेसने स्वतःच्याच दारावर थाप मारली. "अगं, मी आहे."

आतून पावलं दाराशी आली. "सुटलात?"

"सुटलो. हँडल मागताहेत."

"एकटेच सुटलात की सगळे?"

एक्स्प्रेसने ओव्हरसियरसाहेबांकडे पाहिलं. ओव्हरसियरसाहेबांनी नजर चुकवली. खोटं बोलायची आत्ता फार सोय होती. "एकटाच," तो म्हणाला.

मग हँडल खुंटीत आणखी घट्ट बसवल्याचा ठोका ऐकू आला.

"मग जा," बायको म्हणाली. "मावशीला घेऊन या, खडीवाल्यांना आणा, शिंप्यालासुद्धा आणा. सगळ्यांना कामावर घेतलं असं त्या साहेबांनी या दाराशी उभं राहून सांगितलं की उघडते. तोवर तुम्हीही बाहेरच."

बायकोने असं दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला एवढं हसू येत असेल, असं ओव्हरसियरसाहेबांना वाटलं नसणार. एक्स्प्रेस पायरीवर बसला आणि त्याने दाराला पाठ टेकली. मेव्हण्याने जरा विचार केला, साहेबांकडे एकदा पाहिलं, आणि तोही शेजारी येऊन बसला. खालचे हॉर्न आता एकसारखे वाजत होते. ओव्हरसियरसाहेब थोडा वेळ घुटमळले, कपाळ पुसलं, पोलीससाहेबांशी काहीतरी पुटपुटले आणि नगराध्यक्षांना गाठायला जीपमध्ये जाऊन बसले. रस्ता चांगला होता. खाली पोचायला त्यांना वेळ लागला नाही.